न ओरडणारा दिवा

"ओरडणारा दिवा परत येतो," सोनजे सर म्हणाले. "मुकाट्याने मंद होणारा दिवा कधीच परत येत नाही. आता तू सांग चारू, आपण कुठला करायचा?"

टेबलावर दोन ड्रायव्हर ठेवले होते. साबणाच्या वडीएवढे दोन डबे, दोन्हींना लाल-काळ्या वायरी, बाहेरून बघणाऱ्याला जुळी भावंडं वाटावीत असे. एलईडीला ठरवून दिलेला करंट पुरवत राहणं हे ड्रायव्हरचं काम. पण एलईडी तापली की तिचा उजेड उतरतो, जास्त तापली तर ती जळते. म्हणून चांगल्या ड्रायव्हरला तापमानाचं भान असावं लागतं. हे दोन्ही डबे तापमान ओळखत होते. फक्त ओळखल्यावर काय करायचं, यावर त्यांचं एकमत नव्हतं.

पहिला डबा, दिवा तापला की करंट कमी करायचा. उजेड घटायचा, पण एलईडी थंड राहायची आणि वर्षानुवर्षं टिकायची. दुसरा उलट होता. उष्णतेने उजेड घसरायला लागला की तो थोडा जास्त करंट सोडून उजेड जागेवर ठेवायचा, आणि तेही जमेनासं झालं की दिवा बंद करून कर्कश आवाजात बोंब मारायचा. पहिला दिव्याची काळजी घेत होता, दुसरा उजेडाची.

"दुसरा," मी म्हणाले.

"का?"

"कारण आपण रस्त्यावरचे दिवे करत नाही."

हे मी जरा तोडूनच बोलले. नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या कारखान्यात नवजात बाळांच्या काविळीसाठी निळे दिवे बनत. जन्मलेल्या बाळाचं अंग पिवळं पडलं की त्याला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून या निळ्या उजेडाखाली ठेवतात. उजेडाने रक्तातलं पिवळं द्रव्य विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. तो उजेड म्हणजे औषधच. तो कमी पडला तर औषध कमी पडलं, इतकं ते सरळ आहे. आणि निळ्या उजेडाची खोड अशी, की तो निम्मा झाला तरी नुसत्या डोळ्याला कळत नाही. वॉर्ड निळाच दिसतो.

"हे बघ," सर म्हणाले, "अकोल्याला आपण ओरडणारे दिवे दिले होते. तू तेव्हा नव्हतीस. महिनाभरात निम्मे परत आले. एका ठिकाणी मी स्वतः गेलो, तर नर्सबाईंनी भोंग्याची वायर कापून वर पांढरी चिकटपट्टी लावलेली. का, तर बाळं उठतात. मग त्या भोंग्याचा उपयोग काय झाला?"

"पण निदान दिवा बंद पडला हे तरी कळतं. बंद दिवा दिसतो, सर. मंद झालेला दिसत नाही."

"मंद म्हणजे किती मंद? चाळीस डिग्रीला ओव्हनमध्ये ठेवून तूच मोजलंस ना? किती घटला?"

"थोडासाच."

"मग? वॉर्ड काय ओव्हनपेक्षा गरम असतो?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. सरांना अशी माणसं हसवायची हातोटी होती. ते वाईट माणूस नव्हते; असते तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं. कामगाराच्या घरी आजारपण आलं तर स्वतः गाडी काढणारा माणूस. पण परत आलेला माल बघितला की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

मी हट्ट सोडला नाही. म्हणाले, की ओव्हनमध्ये दिवा मोकळा असतो, वॉर्डात काय काय असेल आपल्याला माहीत नाही. शेवटी सर वैतागले आणि त्यांनी माझ्या हातावर खाऊ ठेवावा तसा एक पिवळा ठिपका ठेवला.

"पहिला ड्रायव्हर घ्यायचा. करंट कमी झाला की दिव्याच्या कडेला एक बारीक पिवळा ठिपका पेटेल असं कर. आवाज नाही, काही नाही. ज्याला बघायचंय तो बघेल. झालं समाधान?"

"नाही."

"नसू दे. काम सुरू कर."

पुढच्या मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातून फोन आला. तापीच्या बाजूचं एक तालुक्याचं गाव, चहूबाजूंनी केळी, आणि तिथे डॉक्टर नेहेते यांचं लहान मुलांचं छोटंसं हॉस्पिटल. आमचे तीन दिवे तिथे गेले होते. डॉक्टरांचं म्हणणं, की एक बाळ दोन दिवस दिव्याखाली आहे आणि कावीळ उतरण्याऐवजी चढतेय. दिवा तर नीट चालू दिसतोय. एकदा येऊन बघता का?

"जाऊन ये," सर मला म्हणाले. "उजेडाचा मीटर घेऊन जा. दिवा बरोबर निघेल, त्यांच्या लॅबचा घोटाळा असेल."

मी दुपारी पोचले. त्या भागातली मेमधली दुपार कशी असते हे नाशिकच्या माणसाला सांगून कळत नाही. रिक्षाच्या लोखंडी दांडीला हात लागला आणि चटका बसला. हॉस्पिटलात शिरले तर वीज गेलेली. इन्व्हर्टरवर दिवे चालू होते, पण एवढा मोठा कूलर इन्व्हर्टर ओढू शकत नसल्याने तो गप्प उभा होता. वॉर्डात श्वास घेतला की नाक भाजत होतं.

आणि आमचा दिवा मला दिसलाच नाही.

दिसली ती चादर. दिव्याच्या स्टँडला वरपासून खालपर्यंत चारी बाजूंनी पांढऱ्याशुभ्र चादरी बांधलेल्या, गाठी मारून, नीटनेटक्या. आतून निळा उजेड पाझरत होता. बाळ त्या तंबूत होतं. तंबूच्या फटीत तोंड घालून एक कोवळी बाई स्टुलावर बसली होती आणि हळू आवाजात अखंड बोलत होती.

"डोये बांधले ना तिचे," माझी चाहूल लागल्यावर ती ओशाळून म्हणाली. "म्हनून बोलत राह्यते. अंधारात आवाज तरी ओळखीचा राहू दे. सिस्टरनंच सांगतलं."

तिचं नाव हर्षाली महाजन. माहेर सुरतेला, लांब, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच केलेलं. मुलगी होती. तिच्या शेजारी उभ्या होत्या त्या तडवी सिस्टर, वॉर्डच्या मुख्य. रुंद चेहऱ्याच्या, पन्नाशीच्या, हातात सतत काहीतरी काम असलेल्या.

"चादर कुणी बांधली?" मी विचारलं.

"मीच," सिस्टर अभिमानाने म्हणाल्या. "ट्रेनिंगमध्ये शिकवतात ना ताई. पांढऱ्या कापडावर उजेड आपटतो आणि परत बाळावर येतो. जास्ती मिळतो. शिवाय झळ लागत नाही पोरीला. तुमच्या नाशकात बांधत नाहीत?"

त्यांचं बरोबर होतं. पांढरी चादर बांधली की उजेड वाढतो. हे नंतर मी चार ठिकाणी वाचलं, दहा नर्सांकडून ऐकलं. सगळीकडे बांधतात. नर्सांचं जग ते जाणून होतं. आम्ही सातपूरला बसून दिवे बनवणाऱ्यांनी मात्र आमचा दिवा चादरीत गुंडाळलेला कधी पाहिला नव्हता. चादरीची वरची कड दिव्याच्या झरोक्यांवरून गेली होती. आतली गरम हवा आतच कोंडली होती.

मी फटीतून मीटर आत सरकवला. बाळाच्या पोटाशी धरला. आकडा बघितला आणि मला वाटलं मीटर बिघडला. बंद करून पुन्हा लावला. तोच आकडा. बाळाला मिळायला हवा त्याच्या निम्म्याहून कमी उजेड मिळत होता.

"गाठी सोडा," मी म्हणाले.

"का? काय झालं?"

"सिस्टर, आधी सोडा."

आम्ही दोघींनी चादरी सोडल्या. दिव्याच्या कडेला, आतापर्यंत कापडाआड, तो पिवळा ठिपका बिचारा एकटाच पेटलेला होता. ज्याला बघायचंय तो बघेल. मी पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. हळूहळू दिवा निवला, आकडा चढत गेला, ठिपका विझला. तडवी सिस्टर मीटरकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

"म्हणजे मी जास्ती उजेड व्हावा म्हणून बांधली," त्या म्हणाल्या, "आणि..."

"तुम्ही बरोबरच केलंत. दिव्याने उजेड कमी केला. तापला की कमी करायचा, असंच आम्ही त्याला शिकवलंय."

"आणि सांगायचं नाही असं पण शिकवलंय?"

तेवढ्यात डॉक्टर नेहेते हातात रक्ताचा नवा रिपोर्ट घेऊन आले आणि आमचं बोलणं तिथेच थांबलं. मुलीने दूध ओढायचं सोडलं होतं. रडली तर बारीक, चिरका आवाज काढत होती. डॉक्टरांनी तिचा पाय उचलून सोडला, वर बघितलं, आणि मग हर्षालीला नाही तर सिस्टरना म्हणाले, "जळगावला हलवा. रक्त बदलावं लागेल."

अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनी मला व्हरांड्यात नेलं.

"काविळीचा आकडा फार वर गेला तर ते पिवळं द्रव्य डोक्यात उतरतं," ते म्हणाले. "पहिला घाला बहुतेक कानांवर. जीव वाचेल असं वाटतं. कानांचं आत्ता कुणी सांगू शकत नाही." मग म्हणाले, "दोन दिवस, मॅडम. दोन दिवस मी समजत होतो की उपचार चालू आहेत."

अँब्युलन्समध्ये चढतानाही हर्षाली त्या पोरीशी बोलत होती.

मुलगी वाचली. रक्त बदललं, आणि आठवड्याने ती परत आली. त्यानंतर डॉक्टरांनी आपल्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं, कारण हर्षालीचा नवरा भूषण गावातली चार माणसं घेऊन येण्याची भाषा करत होता. सर नाशिकहून स्वतः आले. गाडीत त्यांनी मला एकच वाक्य सांगितलं, "तिथे रागावून बोलू नकोस, ते लोक आधीच दुखावलेले आहेत." पण खरं काय ते सांगायचं, हे मी ठरवून गेले होते.

केबिन लहान होती. भूषण खुर्चीच्या कडेवर बसला होता, उठायच्या तयारीत. हर्षाली दाराशी स्टुलावर, मांडीवर मुलगी. तडवी सिस्टर भिंतीला टेकून उभ्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

"झालं ते फार वाईट झालं," सरांनी सुरुवात केली. "दिव्याभोवती चादरी बांधल्या गेल्या. हवा कोंडली. दिव्याला झरोके दिलेत ते हवेसाठीच. यापुढे आम्ही प्रत्येक दिव्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहू, की कापड बांधू नये."

"म्हणजे चुकी सिस्टरची?" भूषणने विचारलं.

"चूक कुणाची असं मी..."

"सिस्टरची नाही," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. चादर सगळ्याच हॉस्पिटलांत बांधतात, ती बांधणारच, आणि हे दिवा करणाऱ्याला माहीत असायला हवं. चादरीने दिवा तापला हे खरं. पण तापल्यावर बाळाचा उजेड कापून स्वतःला वाचवायचं, आणि ते कुणाला सांगायचं नाही, हे चादरीने ठरवलेलं नाही. ते आमच्या कारखान्यात टेबलावर ठरलं. दुसरा ड्रायव्हर होता. त्याने उजेड धरून ठेवला असता, नाहीतर बोंब मारून बंद पडला असता आणि सिस्टर धावत आल्या असत्या.

भूषण सरांकडे बघत होता. मला वाटलं, आता सर चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"ती बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "माझी हुशार इंजिनिअर आहे, तिने तेव्हाही सांगितलं होतं. डॉक्टर, असं असेल तर हे दिवे इथे एक क्षणही ठेवणं मला पटत नाही. खाली गाडी उभी आहे. तिन्ही दिवे मी आत्ता घेऊन जातो."

"ड्रायव्हर बदलून द्या," मी म्हणाले. "दिवे न्यायची काय गरज आहे?"

"वैद्यकीय उपकरण आहे ते, चारू. नवा ड्रायव्हर म्हणजे नव्याने चाचण्या, नव्याने मंजुरी. दोन-तीन महिने सहज जातील. तोवर सदोष दिवा चालू ठेवा असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

प्रत्येक शब्द खरा होता. आणि त्या प्रत्येक खऱ्या शब्दाने ते दोरी आवळत होते. शेजारच्या वॉर्डात त्या क्षणी दोन दिव्यांखाली दोन बाळं होती. जुने ट्यूबचे दिवे डॉक्टरांनी आमचे आल्यावर देऊन टाकले होते. जळगावच्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन बाळं ठेवत होते हे नुकतंच जाऊन आलेल्या भूषणलाही माहीत होतं.

डॉक्टर पेपरवेट फिरवत बसले. हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

"चादर मी बांधली," भिंतीकडून आवाज आला.

तडवी सिस्टर पुढे आल्या. "झरोक्यांवरून बांधली. बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही. खाली ठेवली असती तर काही झालं नसतं. दिवे चांगलेत. दिवे राहू द्या."

"सिस्टर!" मी ओरडलेच.

"तुम्ही थांबा ताई." मग त्या हर्षालीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पोरी, माझ्या हातून झालं. तुला काय बोलायचं ते बोल."

हर्षालीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग मुलीचं टोपडं नीट केलं आणि काहीच बोलली नाही. भूषण मात्र उठला आणि तोंडाला येईल ते बोलला. ते मी इथे लिहीत नाही. तडवी सिस्टर ते सगळं खाली मान घालून ऐकत उभ्या राहिल्या, आणि सोनजे सर, मला ते कधीच विसरता येणार नाही, मध्ये पडून भूषणला म्हणाले, "जाऊ द्या हो, माणसाकडून चूक होते."

संध्याकाळच्या आत डॉक्टरांनी सिस्टरना कामावरून कमी केलं. घरच्यांच्या समाधानासाठी, म्हणाले. निघताना मी माझा मीटर डॉक्टरांसमोर ठेवला. म्हटलं, हा वॉर्डात असू द्या, प्रत्येक पाळीला उजेड मोजत जा, चादर असो नसो. त्यांनी तो हलकेच माझ्याकडे परत सरकवला.

"नको मॅडम. आकडा दिसला की नातेवाईक विचारतात."

सिस्टर फाटकाशी भेटल्या. हातात कापडी पिशवी, तिच्यात डबा आणि घरच्या चपला. मला त्यांचाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी विचारलं, "का केलंत असं? मी खरं सांगत होते."

"खरंच सांगत होत्या तुम्ही."

"मग?"

"मग आत ती दोन पोरं आहेत ना. तुमच्या खऱ्याखाली ठेवू का त्यांना?" त्या थकून म्हणाल्या. "आता माझ्या जागेवरची पोरगी नवीन आहे. तिला सांगितलंय मी, चादर झरोक्याखाली बांध म्हणून. तुम्ही पण एकदा सांगा जाताना."

मी आत जाऊन सांगितलं. नाशिकला पोचल्यावर राजीनामा दिला. सरांनी तो घेतला आणि मला फार चांगलं शिफारसपत्र दिलं.

दीड महिन्याने हर्षालीचा फोन आला. मुलीचं बारसं राहून गेलं होतं, ते आता करत होते. "तुमी याच," ती म्हणाली. "सासूबाई म्हनतात, त्या ताईनं चादर सोडली म्हनून पोरगी वाचली. तुमच्याबिगर बारसं व्हनार नाही."

मी न जाण्याची दहा कारणं शोधली आणि गेले.

मळ्याला लागून घर. अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, आणि बायकांची ही गर्दी. हर्षालीच्या सासूने मला दारातच मिठी मारली. "हीच ती नाशिकची," सगळ्यांना सांगत होती, "ही आली नसती तं त्या सिस्टरनं मारूनच टाकली व्हती माह्या नातीले." मी म्हणाले, "तसं नाही हो, सिस्टरनी काही..." पण माझ्या हातात सरबत आलं, पाठीवर हात फिरले, माझं वाक्य कुठच्या कुठे गेलं.

मुलगी आता गुटगुटीत झाली होती. काजळ-तीट लावून पाळण्यात ठेवली. सुरतेहून आणलेला चांदीचा वाळा पायात. आत्या पुढे झाली, पाळण्यात वाकली, आणि मुलीच्या कानाला तोंड लावून मोठ्याने कुर्रर्र केलं. "गार्गी!" त्याबरोबर मागच्या बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. हशा, आरडाओरडा, कुणीतरी थाळी बडवतंय, कुणी टाळ्या. मांडवावरचे पारवे उडाले.

मुलगी झोपली होती. पापणीसुद्धा हलली नाही.

"बाई बाई, केवढी शांत!" एक म्हातारी म्हणाली. "माह्या नातवानं बारशाले रडून गाव गोळा केलं व्हतं."

"गुणाची हाय. आईले काही तरास नाही."

"दचकत पन नाही, पाहा ना."

मी पाळण्याच्या पायाशी उभी होते. मला वाटलं, तो मांडव उपटावा, त्या सगळ्या बायकांना गदागदा हलवावं.

हर्षालीने मला ओटी भरायला आतल्या खोलीत नेलं. पाटावर बसवलं. कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ ठेवला. मी तिचा हात धरला.

"हर्षाली, तिचे कान तपासून घ्या. जळगावला सोय आहे. उशीर करू नका."

तिने हात सोडवून घेतला नाही. खणाची घडी माझ्या ओटीत नीट बसवली.

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "रोज थाळी वाजवते मी तिच्यामागं. सासूबाई मळ्यात गेल्या का. आधी वाटलं, झोपेत असंन. मग जागी असताना वाजवली."

बाहेर पुन्हा हशा उसळला.

"घरात कुणाला...?"

"कोनालेच नाही. आधी सांगतलं असतं तं नणंद आली असती का नाव ठेवाले? आज नाव पडू द्या तिचं. मग सांगन मी सगळ्यांले." मग ती तितक्याच सावकाश म्हणाली, "त्या दिवशी डॉक्टरच्या खोलीत तुमी बोलल्या ते समदं कळलं व्हतं मले. दिवा कमी झाला, अन् कोनाले कळू दिलं नाही."

"मग तुम्ही सिस्टरबद्दल काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ह्यांले कोनावर तरी रागावायचं व्हतं. दिव्यावर कसं रागावता येते ताई? अन् मी एक शब्द बोलले असते, तं ते दिवे गेले असते. बाजूच्या खाटेवरची माय मीच व्हते की आठ दिवसांमागं."

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "हर्षाली, ये गं, उठली तुही पोरगी! रडत नाही, काही नाही, नुस्ती टुकूटुकू पाहू राह्यली!"

"आली, आली," हर्षाली म्हणाली. चेहरा हसरा केला आणि लगबगीने बाहेर गेली.

मी ओटी सांभाळत तिच्यामागून मांडवात आले. मुलगी पाळण्यात उताणी पडून वर झेंडूच्या माळांकडे बघत होती आणि बायका तिच्या शहाणपणाचं कौतुक करत होत्या. सासूबाईंनी घुगऱ्यांचं पातेलं आणलं आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. "आधी हिले द्या. हिच्यामुळं वाचली." सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्या घुगऱ्या खाल्ल्या आणि छान झाल्यात म्हणाले.